मल्लव्वाच्या ओळखीची माणसं

मल्लव्वाला अक्षर वाचता येत नव्हतं; पण सोलापुरातल्या त्या जुन्या लष्करी कबरस्तानात कुठल्याही दगडापाशी उभी राहिली, की खालच्या माणसाचं नाव, वय आणि तो कशानं गेला, हे ती न अडखळता सांगायची. मी पहिल्यांदा तिथं गेलो, तेव्हा पाहुण्याला घरची माणसं दाखवावीत तसं तिनं मला फिरवून आणलं. "ह्यो बँडवाला इल्याम, पटकीनं गेला. आन् ही डाक्टरची बायकू. पयल्या बाळंतपनात गेली, लई लहान व्हती."

इंग्रजांची छावणी इथं होती त्या काळातला हा जमिनीचा लहानसा तुकडा. पलटण गेली, कबरी राहिल्या. मल्लव्वा मैंदर्गीहून लग्न होऊन आली ती थेट फाटकाशेजारच्या खोलीत, कारण नवरा तिथला चौकीदार होता. एक म्हातारे पाद्री त्याला दगडांवरचा मजकूर वाचून सांगत आणि तो जेवताना तिला सांगे. पुढं नोंदवहीला वाळवी लागली, नवरा वारला, दगडांवरची अक्षरं झिजली. उरली ती मल्लव्वाची आठवण. नवऱ्याची जागा तिला मिळाली आणि ती रोज एकेका कबरीवरचा पाला काढत राहिली.

मी सरकारी मोजणीदार. पश्चिमेच्या भिंतीलगत नाला खोदायचा होता. नकाशात ती पट्टी मोकळी होती. मी टेप लावला, तशी ती जवळ आली.

"तितं खांदू नका, सायेब. सा लेकरं हायती."

मी म्हणालो, अव्वा, इथं तर गवताशिवाय काही दिसत नाही. काम अडवायला लोक काहीही सांगतात, हे मला नोकरीत पाठ झालेलं. तिनं वाद घातला नाही. पहार आणली, भिंतीच्या कोपऱ्यापासून कानडीत पावलं मोजत गेली, ओंदु, एरडु, मूरु, आणि एका जागी थांबून पहार टेकवली. खाली दगड वाजला. मी माती उकरायला बसलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "येलन. तीन वर्साची पोर."

हातभर खाली फुटका दगड लागला. पाणी ओतून पुसला. नाव एलनच होतं आणि वय तीन. मला तिच्याकडे वर बघवेना.

त्याच दिवशी मी अहवाल दिला. वरचे साहेब चिडले. कुणाची कोण मेलेली पोरं, त्यांच्यासाठी नाला वळवायचा का, असं त्यांनी दोनदा बोलावून विचारलं. शेवटी ते स्वतः आले. मल्लव्वानं त्यांनाही पावलं मोजून सहाच्या सहा दगड दाखवले, एकेक नाव आधी सांगून. नाला रस्त्याच्या पलीकडून गेला.

त्यानंतर एकदा तिनं मला निरोप धाडला. म्हणाली, माझ्या डोक्यात ठेवून काय उपयोग, तुम्ही लिहून घ्या. तीन रविवार ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. शेवटच्या रांगेत, लिंबाखालच्या एका कबरीशी मात्र ती थांबली. दगडाचा पापुद्रा उडून गेला होता आणि नाव तिला आठवेना. बराच वेळ ती कपाळाला हात लावून बसली. मी सुचवलं, थॉमस लिहू का? पलटणीत दहा तरी थॉमस असतील, कोण तपासायला येतंय?

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खोटं नाव लिवू नका. त्येच्या आईनं ठिवलेलं काईतरी आसंल की."

त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून लेक तिला मैंदर्गीला घेऊन गेली. गेल्या उन्हाळ्यात अव्वा वारली. मी मातीला गेलो होतो. परतताना लेक मला सांगत होती, की शेवटचे काही दिवस अव्वा भिंतीकडे बघत एकेक नाव पुटपुटायची, मान हलवायची आणि दुसरं घ्यायची. घरच्यांना वाटलं, भ्रम झाला. कुणाला हाक मारते हेच त्यांना कळेना.

मी तिला लिंबाखालच्या त्या कबरीचं सगळं समजावून सांगितलं. यादी आता कचेरीत आहे. टंकलेखकानं विचारलं होतं, ही एक ओळ गाळायची का? मी म्हणालो, क्रमांक घाला आणि पुढची जागा रिकामी ठेवा.