मोटार जेवना आंगे वळनी

आजही कोणी गाडी थांबवून रस्ता विचारला, तर मी आधी हात लांब करून दिशा दाखवतो आणि मग तोंड उघडतो. घरची मंडळी हसतात. या सवयीमागे एक प्रकरण आहे, आणि त्यात मूर्ख ठरलेला माणूस मीच आहे, म्हणून ते आजवर कुणाला फारसं सांगितलं नाही.

धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे माझी नोकरी झाली. हे शहर त्यातलं कोणतं ते सांगत नाही, कारण माणसं अजून हयात आहेत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी फौजदार होतो, मूळ सांगलीकडचा, खानदेशात येऊन जेमतेम सहा महिने झालेले. कोर्टकचेरीतली मराठी सगळीकडे सारखीच, त्यामुळे इथली भाषाही आपल्याला कळते असा माझा समज होता.

त्या वर्षी शहरातली गर्दी फार वाढली. हातगाड्या, टांगे, बैलगाड्या, लुना आणि त्यातून वाट काढणारी नगरपालिकेची शहर बस. मग वाहतूक शाखा आणि नगरपालिका यांची बैठक होऊन मुख्य चौकात एकेरी वाहतूक सुरू करायचं ठरलं. डेपोकडून चौकात आलं, की डाव्या हाताला एक अरुंद रस्ता फुटायचा. तो रेल्वे स्टेशनला जाण्याचा जवळचा रस्ता, आणि त्याच्या तोंडाशीच एक खानावळ. या रस्त्यावर आता फक्त स्टेशनकडून चौकाकडे येता येणार होतं. स्टेशनला जाणाऱ्या बसनं चौकात उजवीकडे वळून कापसाच्या जिनिंग कारखान्यावरच्या लांबच्या रस्त्यानं जायचं. आदेश निघाला, बाणांच्या पाट्या लागल्या, आणि एका सोमवारपासून अंमल सुरू झाला.

त्याच सोमवारी, सकाळी सहाच्या सुमारास, खानावळवाले नाना धापा टाकत ठाण्यात आले. त्यांच्या दुकानापुढे एक सायकलवाला रक्तबंबाळ पडला होता.

"शहर बसनं उडवलं साहेब, आणि थांबलीसुद्धा नाही!"

मी लगेच निघालो. जखमी माणूस गिरणीतला कामगार होता. त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. डोक्याला मार होता. पुढे तो वाचला, पण सायकलवर बसलो यापलीकडे त्याला काहीच आठवेना. मी पंचनामा केला. सायकल कुठे पडली, काय मोडलं, काय वाकलं, सगळं नीट लिहिलं. पंचनामा लिहिण्यात मी फार नीटनेटका होतो.

त्या वेळी चौकात भाजीची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. जवळच्या खेड्यातली, रोज पहाटे चालत येणारी. सगळे तिला अक्का म्हणत. मी तिला ठाण्यात बोलावून बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि जबाब घ्यायला सुरुवात केली.

"अक्का, बस पाहिली का?"

"देखी ना भाऊ. मोटार जेवना आंगे वळनी, मंग धाडकन आवाज ऊना."

मी लिहिलं: 'बस जेवणाच्या बाजूस, म्हणजे खानावळीकडे वळली व त्यानंतर लगेच धडक बसल्याचा आवाज आला.' शेवटी नेहमीचं वाक्य घातलं, की माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खरोखर वाचूनही दाखवला. 'जेवण' ऐकून म्हातारीनं मान डोलावली आणि अंगठा उठवला. नाना सांगतात बस, अक्का सांगते बस. हातच्या काकणाला आरसा कशाला?

ती पहिली फेरी होती. डेपोतून गाडी रिकामी निघाली होती. आत फक्त ड्रायव्हर आणि कंडक्टर. कंडक्टर म्हणाला, आम्ही उजवीकडून गेलो. मी मनात म्हटलं, तू सोबत्याची बाजू सोडून दुसरं काय सांगणार! स्टेशनवरच्या टाइमकीपरकडे नोंद पाहिली, तर बस रोजच्यापेक्षा उशिरा पोचलेली. अपघात करून कुठेतरी थांबले असतील, असा मी अर्थ लावला. लांबच्या रस्त्यानं गेल्यावर उशीर होणारच, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी मला सुचली नाही. बंपरवर एक खरचटल्याची खूण होती. जुनी की नवी ते तपासणाऱ्यालाही छातीठोक सांगता आलं नाही, पण मला ती नवीच दिसली.

ड्रायव्हर तिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस होता. रोजंदारीवर पाच वर्षं झाली होती आणि त्याच महिन्यात कायम होणाऱ्यांची यादी लागणार होती. त्यात त्याचं नाव वर होतं. हे त्यानंच मला सांगितलं, हात जोडून.

"साहेब, गुन्हा दाखल झाला तर माझं नाव कापतील. मी उजवीकडेच वळलो."

"मग म्हातारी खोटं बोलते का?"

"ते मी कसं सांगू? पण नवीन नियमाचा पहिला दिवस होता. चूक नको म्हणून मी रविवारी सायकलवर तो सगळा रस्ता फिरून आलो. जिनिंगच्या पुढे नाली खोदलेली आहे, तिथे गाडी हळू घ्यावी लागते. पाहून या ना साहेब."

मी पाहायला गेलो नाही. उलट तो पुन्हा पुन्हा तेच बोलतो म्हणून माझं डोकं फिरलं आणि मी त्याच्या थोबाडीत दिली. खोटं कशाला लिहू? दिली. तो गाल चोळत परत म्हणाला, "उजवीकडेच वळलो साहेब." त्याला अटक दाखवून जामिनावर सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतलं नाही. पंधरा दिवसांनी यादी लागली, त्यात तो नव्हता.

महिनाभरानं नव्या वाहतुकीचा आढावा घ्यायला पालिकेचे अभियंते, वाहतूक शाखेचे साहेब आणि मी चौकात उभे होतो. बाणांच्या पाट्यांचा काही उपयोग होत नव्हता. खेड्यातून येणारा माणूस पाटी पाहायचा आणि रोजच्याच रस्त्याला लागायचा. अभियंते म्हणत होते, बाण मोठा करू. तेवढ्यात एक बैलगाडी डावीकडे वळायला लागली. चौकातला आमचा हवालदार इथल्याच मातीतला, गळा असा की शिट्टीची गरज नाही. तो ओरडला,

"ओ आबा! तठे नही, तठे नही! जेवना हातले! जेवना हातले वळा!"

आबांनी कासरा ओढला आणि गाडी उजवीकडे वळली.

मी हवालदाराला बोलावलं. "काय म्हणालास तू त्यांना?"

"जेवना हात, साहेब. म्हणजे उजवा. जेवायचा हात."

"आणि जेवना आंगे?"

"उजव्या बाजूला. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात."

आपणसुद्धा लहान पोराला शिकवताना जेवायचा हात कोणता, असंच विचारतो की! पण रस्त्यावर खानावळ दिसली आणि मी 'ध'चा 'मा' केला. तोही माझ्या सुवाच्य अक्षरात.

तडक अक्काला शोधलं. ती तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. या वेळी ठाण्यात नेलं नाही. तिथेच तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि विचारलं, "अक्का, त्या दिवशी मोटार कुठे वळली? हात करून दाखवा."

तिनं उजवा हात उचलून जिनिंगचा रस्ता दाखवला. "तठे. जेवना आंगे. सांगं व्हतं ना तुले."

"आणि आवाज?"

"तो तिकडनं." तिनं खानावळीकडे मान केली. "मंग ती दूधनी गाडी ऊनी, माझ्यामोरथीन भरारा गयी."

"अहो, मग दुधाची गाडी तेव्हाच का नाही सांगितली?"

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच खुळा आहे. "तू मोटारनं इचारं, मी मोटारनं सांगं. दूधनी गाडीनं तू इचारंच नही भाऊ!"

ठाण्यात येऊन पंचनामा काढला. सायकलचं पुढचं चाक आणि हँडल चेपलेलं, मागचं चाक शाबूत. गिरणी स्टेशनच्या बाजूला, म्हणजे कामगार चौकातून तिकडेच निघालेला; बसनं मागून धडक दिली असती तर आधी मागचं चाक गेलं असतं. धडक समोरून बसली होती. स्टेशनकडून चौकाकडे, नियमाप्रमाणे येणारं एखादं वाहन, आणि नवा नियम ठाऊक नसल्यानं समोरून आलेला गिरणी कामगार. हे सगळं महिनाभर माझ्याच कपाटात पडून होतं. मग नानांना परत विचारलं, "बस डोळ्यांनी पाहिली का?" ते ओशाळले. आत भट्टीजवळ होते, आवाज ऐकून बाहेर आले. "त्या वेळेला रोज बसच येते साहेब, म्हणून म्हटलं." नियम बदलला होता, नानांची सवय बदलली नव्हती.

पुढचं काम दोन दिवसांचं. गॅरेजांमध्ये चौकशी केली, तर एका मेकॅनिकनं सांगितलं की त्या सोमवारी दुधाच्या एका खाजगी टेम्पोच्या दिव्याची काच त्यानं बदलली होती. टेम्पोवाल्याला बोलावलं. आवाज चढवला नाही. समोर चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, "काच कशानं फुटली?"

त्यानं चहाला हात लावला नाही. मग म्हणाला, "तो एकदम समोर आला साहेब. माझा रस्ता बरोबर होता. पण मी थांबलो नाही, ती चूक झाली. बसवाल्याला धरलं हे कळलं तेव्हापासून रोज ठरवत होतो, उद्या जाऊ, उद्या जाऊ." आणि तो रडू लागला.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही, असा कलम १६९ प्रमाणे अहवाल मी कोर्टाला पाठवला. त्यात जबाब नोंदवताना माझ्याकडून चूक झाली, असं स्पष्ट लिहिलं. वरिष्ठ वैतागले. "एवढं उघडं लिहायची काय गरज होती?" मी म्हटलं, "साहेब, ते लिहिलं नाही तर त्याला कामावर कोण घेईल?" त्यांनी सही केली.

त्याला कामावर घेतलं, पण परत रोजंदारीवर. यादी लागून गेली होती. मी पालिकेत दोनदा जाऊन बोललो, पत्र दिलं, सगळ्यांनी चहा पाजला. तो कायम झाला दीड वर्षानं, आणि त्याच्या मागून लागलेले लोक सेवाज्येष्ठतेत कायमचे त्याच्या पुढे गेले.

अहवालाची नक्कल द्यायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो होतो. साध्या कपड्यात. त्यानं खुर्ची दिली, बायकोनं पाणी आणलं. मी म्हटलं, "माझं चुकलं. हात उचलला तेही चुकलं. माफी मागायला आलो आहे."

त्यानं कागद वाचला, घडी केली आणि शांतपणे विचारलं, "एक विचारू साहेब? मी रविवारी सायकलवर रस्ता पाहून आलो, नाली खोदलेली आहे, हे सांगत होतो, तेव्हा तुम्हाला एकदा तरी ते खरं वाटलं होतं का?"

नाही म्हणालो असतो तर बरं झालं असतं. परक्या बोलीमुळे मी फसलो, एवढ्यावर भागलं असतं.

"वाटलं होतं," मी म्हणालो. "पण तोवर जबाब लिहून झाला होता."

तो उठला. मला फाटकापर्यंत सोडायला आला.

पुढे नोकरीभर मी जबाब घेताना माणसाचे शब्द आधी त्याच्याच बोलीत लिहिले आणि खाली त्याचा अर्थ. नवे फौजदार विचारायचे, साहेब, हे दुप्पट काम कशाला? त्यांना मी बोलीचं, भाषेचं कारण सांगायचो आणि ते त्यांना पटायचं. पण खरं सांगायचं तर भाषा मला सहा महिन्यांनी नाही, तर सात महिन्यांनी कळलीच. त्या माणसाचं बोलणं मला त्याच दिवशी कळलं होतं, अगदी शुद्ध मराठीत, आणि तरीही मी उठून ती नाली पाहायला गेलो नाही.