"पाईप वर नेऊ का?"

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. आईला नाही, संघटनेत नाही, नवऱ्याला तर नाहीच. आणि मी गप्प बसणारी बाई नव्हे, हे नाशकात कुणालाही विचारा. 'गप्प बसू नका' ही ओळ माझ्या हातून इतक्या पत्रकांवर गेली आहे की छापखानेवाले म्हणायचे, ताई, ही तुमची ओळ आम्ही तयारच ठेवतो. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की उलट — कारण पत्रकांमधून तुम्ही मला फार चांगली बाई म्हणून ओळखता?

आमच्या संघटनेची एक बस होती. एका टूरवाल्याने वापरून झालेली, एसीची. आतल्या सीटा काढून पडदे लावले, तपासणीचे टेबल ठेवले, डॉक्टरबाईंची खुर्ची ठेवली आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बायकांच्या तपासण्या सुरू केल्या. दवाखान्यात तोंडातून निघत नाही ते बाई इथे बोलेल, एवढीच कल्पना. बायका बोलल्या. मी बाहेर रांग लावायचे, पत्रके वाटायचे आणि कान देऊन उभ्या राहिलेल्या पुरुषांना हुसकायचे. हे शेवटचे काम मला फार आवडायचे.

अडचण एसीची होती. कंपनीने बसवलेला तो एसी इंजिनावर चालायचा. म्हणजे बस दिवसभर झाडाखाली उभी, तरी इंजिन चालूच. बंद केले की आत भट्टी, काचा तर न उघडणाऱ्या. शेवटी ठरले — हा एसी काढायचा, मागच्या डिकीत जनरेटर बसवायचा आणि त्याच्यावर घरात असतो तसला खिडकीतला एसी चालवायचा. दिवेही त्याच्यावरच. भारनियमनाचे दिवस, पाड्यावर वीज सापडली तर सापडली.

काम नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या बाळूशेठच्या गॅरेजला दिले. बाळूशेठच्या तोंडाला विश्रांती नाही. जुना एसी उतरवताना म्हणाला, "लोक साध्या बसला एसी लावून घेतात. तुम्ही आहे तो काढताय. समाजसेवा म्हणतात ती हीच का, ताई?" मग डिकीत डोके घालून त्याने विचारले, "धुराचा पाईप वर नेऊ का? ट्रॅक्टरसारखा. टपावरून जाईल धूर."

मी नको म्हणाले.

का म्हणाले? बसच्या पाठीवर एक ओळ रंगवलेली होती. 'लपवलेलं दुखणं वाढतं.' हातभर उंचीची लाल अक्षरे. ती ओळ माझी होती. पत्रक लोक वाचतात आणि त्यात भजी बांधतात. ही ओळ मात्र सगळ्या घाटरस्त्यावर मागच्या गाड्यांना वाचावीच लागायची. पाईप वर न्यायचा तर तो बरोबर मधल्या शब्दावरून जाणार होता. मी म्हणाले, "अक्षरांवरून नको. खालून काढा." त्याने एकदा पाठीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. गिऱ्हाईक मी होते.

मला कळत नव्हते, असे म्हणायचीही सोय नाही. त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात मेनरोडवरच्या दुकानदारांविरुद्ध मी पत्रक काढले होते. 'धूर तुमचा, फुप्फुसं आमची.' पहिलीच मागणी होती — जनरेटरचा धूर पाईपने छपराच्या वर सोडा, कोंडलेल्या जागेत तो माणूस मारतो. लिहिणारी मीच. शटरांवर चिकटवणारीही मीच.

पेठच्या पुढच्या एका पाड्यावर शाळेच्या भिंतीची सावली होती, म्हणून बस भिंतीला मागची बाजू लावून उभी केली. धूर भिंतीवर आपटून बसखाली कोंडला आणि जुन्या एसीच्या नळ्या काढल्यावर पत्र्यात राहिलेल्या भोकांतून आत शिरला. हे सगळे नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसले की डॉक्टरबाई दाराच्या दांड्याला धरून उतरल्या, "डोकं फुटतंय गं, काहीतरी झालंय" म्हणाल्या आणि पायरीवरच बसल्या. आत तपासणीला आलेली पाड्यावरची यमुनाबाई टेबलावर आडवी. हाक मारली तर ओ नाही.

तिला उचलून मोहाच्या झाडाखाली आणले. गाव भोवती जमा झाले. "काय टोचलंस तिला?" म्हणत तिच्या दिराने आमच्या ड्रायव्हरकाकांची कॉलर धरली. मी काय केले? उभी होते. ती शुद्धीवर आली नसती तर — हे वाक्य मी अजून पुरे केलेले नाही. पण ती आली. उलटी झाली, डोळे उघडले, आणि तिने पहिल्यांदा काय केले, तर डॉक्टरबाईंचा हात धरला.

"बाय, माजा सांगून नाय झाला अजून."

डॉक्टरबाईंनी तिथेच झाडाखाली, डोके धरून, तिचे राहिलेले ऐकून घेतले. दिराला मी लांब नेले. तेवढे मला जमले. त्या दोघींचे उपकार मी कुठे फेडू? यमुनाबाईने गाव शांत केले, डॉक्टरबाईंनी बस वाचवली, आणि दोघींना ते ठाऊकही नव्हते.

नाशकात बैठक बसली. बाळूशेठला बोलावले होते. कुणी काही विचारायच्या आत मी बोलले — नेहमीसारखी, चढ्या आवाजात — की गॅरेजवाल्यांनी धूर खाली सोडला, हा निष्काळजीपणा आहे. बाळूशेठने माझ्याकडे पाहिले. एका वाक्यात तो मला उघडी पाडू शकत होता. म्हणाला, "पाईप मीच बसवला, खरंय. आता वर नेतो." आयुष्यात पहिल्यांदा तो इतके कमी बोलला असेल.

इथे थांबता आले असते, तर बरे झाले असते.

बस आणायला गेले तेव्हा पाईप उभा झाला होता, माझ्या मधल्या शब्दावरून सरळ वर. पत्र्यातली भोकेही बुजवली होती. हात पुसत तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, आमची ही सुरगाण्याला माहेरी गेली होती, तेव्हा तुमच्या बसमध्ये जाऊन आली. इतक्या वर्षांत मला नाही सांगितलं, ते डॉक्टरबाईंना सांगून आली. आता बरी आहे." मग म्हणाला, "तुमचं नाव निघालं असतं तर बसच बंद झाली असती ना. बस चालवा."

मी 'बरं' म्हणाले. बाहेर माझी स्कूटी उभी होती. तिच्या डिकीत त्याच सकाळी छापून आणलेला गठ्ठा होता — 'बायकांच्या जिवाशी खेळणाऱ्या गॅरेजवाल्यांना जाब विचारा.' त्याचे नाव नव्हते. द्वारकेवर नावाची गरज नव्हती.

तो गठ्ठा मी वाटला. त्याचे ते बोलणे ऐकल्यानंतर वाटला. सगळा.

त्या दिवाळीच्या सीझनला टूरवाल्यांची एकही बस त्याच्या दारात नव्हती. आमची होती. आमचे काम त्याने एकदाही नाकारले नाही आणि माझी टिंगलही थांबवली नाही. यमुनाबाईचे ऑपरेशन सिव्हिलला झाले. पुढच्या फेरीला ती नागलीचे पापड घेऊन आली. ते मी घेतले. खाल्लेही. तुटक्या अक्षरांची बस पुढे कितीतरी वर्षे घाट चढत राहिली, आणि बायकांना ती ओळ नीट वाचता आली. ती बस चालली, ती त्या माणसाच्या गप्प राहण्यावर चालली. रोज मनातल्या मनात मी त्याचे आभार मानत आले. मनातल्या मनातच.

परवा संघटनेने दुसरी गाडी घेतली. जनरेटर बसवायला बाळूशेठकडेच नेली. नवी पोरे-पोरी भोवती उभी होती. त्याने डिकीत डोके घातले आणि विचारले, "ताई, पाईप वर नेऊ का?"

मी म्हणाले, वर न्या. तो हसला आणि कामाला लागला.

पत्रकात 'मी' नसतो, 'आम्ही' असतो. हे पत्रक नाही. पाईप खालून मी काढायला लावला.