दोन मुंढ्यांचा शर्ट

शिवणवर्गातल्या बायका त्यांना मागून कात्रीबाई म्हणत. समोर म्हणायची छाती कुणाची होती? दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत, बारा मशिनींच्या मधोमध टाकलेल्या टेबलाशी त्या सव्वीस वर्षं कापड कापायला शिकवत होत्या. खडूनं एकदा रेघ ओढली की ओढली, पुसणं नाही. त्या रेघेवर बोट ठेवणारीची काय गत व्हायची, ते धाकट्या बाईंना विचारावं.

धाकट्या बाई म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी आणि गेली सात वर्षं त्यांच्या हाताखालची शिक्षिका. कात्रीबाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या, आणि वर्ग पुढं कुणाच्या हाती द्यायचा त्याचं शिफारसपत्र त्यांनीच द्यायचं होतं. पत्र टाइप होऊन टेबलाच्या खणात पडलेलं. सही तेवढी बाकी. धाकट्या बाईंचा सगळा जीव त्या खणात अडकला होता. त्या दिवसांत बाईंनी दिवसाला रात्र म्हटलं असतं, तर यांनी उठून दिवा लावला असता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ती गोदामवाली बोलली.

धडा होता कामाच्या शर्टाचा. शर्टाला बाही जिथं जोडतात त्या गोलाईला मुंढा म्हणतात. कात्रीबाईंचा सव्वीस वर्षांचा नियम असा, की कामाचा कपडा असला तर मुंढा दोन बोटं खाली, खोल कापायचा. हाताला मोकळीक मिळते. कुणालाही पटेल असंच आहे ते. बाईंनी रेघ ओढली, आणि तिसऱ्या मशीनवरून आवाज आला, "बाई, हे चुकतंय."

खोलीतल्या सगळ्या मशिनी थांबल्या.

"काय म्हणालीस?"

"मुंढा खोल केला की हात मोकळा होत नाही, अडकतो," गोदामवाली म्हणाली. चाळिशीची बाई, चार वर्षं गोदामात खोकी चढवून-उतरवून आलेली. "वरच्या फळीवरचं खोकं काढायला हात वर केला की अख्खा शर्ट पोटावरून वर यायचा. खोकं धरायचं की शर्ट धरायचा? आमचे ते शर्ट याच वर्गात शिवलेले होते, बाई. मुंढा वर हवा, काखेला लागून."

कात्रीबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अस्सं! मग इथं शिकायला कशाला आलीस? ये की, घे खडू, तूच शिकव आम्हाला!" दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. बाई गर्रकन वळल्या. "तू सांग गं. कोण बरोबर?"

हे धाकट्या बाईंना. त्यांची नजर आधी खणाकडे गेली, मग जमिनीकडे.

"तुमचंच बरोबर, बाई."

गोदामवालीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि आपला कागद घडी घालून ठेवला. त्या पाहण्यानं धाकट्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण खरं काय ते त्यांना ठाऊक होतं! विद्यार्थिनी असताना याच टेबलाशी त्यांनी हेच विचारलं होतं, भीतभीत. तेव्हा कात्रीबाई म्हणाल्या होत्या, "तुझा वर्ग होईल तेव्हा पाजळ अक्कल." वर्ग हसला होता. त्या दिवसापासून धाकट्या बाई वर्गात मुंढा खोल कापत होत्या, पुढं तसाच शिकवतही होत्या, आणि घरी स्वतःचे कपडे मात्र वरच्या मुंढ्याचे शिवत होत्या. सांगते कुणाला!

दुसऱ्या दिवशी कात्रीबाई गप्प गप्प. ओरडणं नाही, टोमणा नाही. दुपारी एवढंच म्हणाल्या, "ती वरच्या फळीवरची कागदाची गुंडाळी काढ बघू." धाकट्या बाईंनी टाचा उंचावून, हात वर करून ती काढून दिली. बाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. धाकट्या बाईंना वाटलं, पत्राचं काही तरी बिनसलं.

तिसऱ्या दिवशी कात्रीबाई साडीवरून नवा शर्ट घालून आल्या. करड्या जाड्याभरड्या कापडाचा, कामाचा. कधी नव्हे त्या पाच मिनिटं उशिरा, आणि डोळे सुजलेले. आल्या त्या सरळ आरशासमोर गेल्या.

"उजवा मुंढा माझा," त्या म्हणाल्या. "डावा हिनं सांगितलेला. बघा."

आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

उजवीकडून शर्ट टीचभर वर चढला, आतली साडी दिसायला लागली. डावीकडचा काठ होता तिथंच राहिला. साठीला टेकलेली ती करारी बाई तसेच हात वर धरून उभी राहिली. वळून एकदा इकडे दाखवलं, एकदा तिकडे, सगळ्यांना नीट दिसेपर्यंत. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत. आई गं! धाकट्या बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं मोठं माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"सव्वीस वर्षं," बाई म्हणाल्या. "किती जणींनी माझ्यापायी शर्ट खाली ओढत काम केलं असेल, देव जाणे." मग खडू गोदामवालीपुढे धरला. "त्या दिवशी रागानं म्हणाले होते. आज खरंच म्हणते. घे, शिकव."

गोदामवालीनं आधी हात साडीला पुसले, मग खडू घेतला, आणि रेघ ओढली. बाई विद्यार्थिनींच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होत्या.

वर्ग सुटल्यावर त्यांनी धाकट्या बाईंना थांबवून घेतलं आणि खण उघडला.

"काल गुंडाळी काढताना तुझा कपडा जागचा हलला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि तरी परवा माझ्या तोंडावर खोटं बोललीस."

धाकट्या बाईंचे डोळे भरून आले. संपलं सगळं, असं वाटलं त्यांना.

"रडू नकोस. ते खोटं मीच शिकवलंय तुला. तू विचारलं होतंस ना एकदा? मी काय म्हणाले होते, ते काल घरी आठवलं मला. मुंढा काय, एका दिवसात सुधारला. तुझं तोंड मी वर्षानुवर्षं शिवून ठेवलं, ते कसं उसवायचं सांग." त्यांनी पत्र पुढ्यात घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि हात तसाच थांबवला. "सही करते. पण आधी बघ, या शर्टात अजून काय चुकलंय?"

धाकट्या बाईंनी पत्राकडे पाहिलं नाही. शर्टाकडे पाहिलं. 

"डाव्या खांद्यावर चुणी पडलीय, बाई. घाईत शिवलाय तुम्ही."

कात्रीबाई उठल्या, आरशाशी जाऊन चष्मा लावून खांदा निरखला. पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

"पडलीय खरी," त्या म्हणाल्या. परत येऊन त्यांनी सही केली, शर्ट उतरवून धाकट्या बाईंच्या हातात दिला, आणि स्वतः विद्यार्थिनींच्या बाकावर जाऊन बसल्या. "दाखवा आता, बाई. कसा उसवायचा?"