भाच्याचा आठवा दिवस

मुलगा झाला असं मी ग्रुपवर टाकलं, तेव्हा मुलगा झालेला नव्हता.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे झालं आणि तो अख्खा आठवडा हे एवढं वाक्य मला कुणालाच सांगता आलं नाही.

ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, रोह्याजवळ वरसेला. पण तिची डॉक्टर पेणची. त्या शुक्रवारी आम्ही दोघी नुसत्या चेकअपला गेलो आणि डॉक्टर म्हणाली, घरी कुठे जाता, हिला आत्ताच ॲडमिट करा. आई घरी शनिवारच्या शब्बाथच्या स्वयंपाकात, बाबा कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून येऊन झोपलेले, भावोजी ठाण्याहून निघाले ते पनवेलच्या पुढे ट्रॅफिकमध्ये. म्हणजे लेबर रूमच्या बाहेर मी एकटी. वय वीस, हातात फोन.

एकटी म्हणजे बाकावर धरमतरकडची एक म्हातारी होती. तिची सून पण आतच. साधारण साडेपाचला दार उघडलं, आयाने डोकं बाहेर काढलं, "मुलगा झाला हो!" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी उडीच मारली. तीन सेकंदांत मेसेज गेला: मुलगा झालाऽऽऽ!!! ताई बाळ एकदम मस्त!!! ताई बाळ मस्त हे तर मी मनानेच जोडलं. खाली वेळ आली, पाच अडतीस. मान वर केली तर म्हातारी माझ्याकडे बघतेय.

"तू कशाला नाचतेस गो? आमचा हाय तो पोरगा. तुझी भैन अजून वरडते, ऐक."

ऐकलं. खरंच ओरडत होती.

मेसेज डिलीट करायला गेले, तेवढ्यात इस्राएलमधल्या मावशीने बारा हार्ट पाठवले होते, आईचा रडत रडत व्हॉइस मेसेज आला होता आणि पनवेलच्या काकांनी ते अजून तीन ग्रुपवर ढकललं होतं. मी म्हटलं, राहू दे, पाच मिनिटांत होईलच. पाच मिनिटांची चौऱ्याहत्तर मिनिटं झाली. मी बाकावर बसून देवाला म्हणत होते, मुलगा दे, मुलगा दे, आणि माझीच मला लाज वाटत होती, कारण मुलगी झाली असती तर तिच्या जन्माची पहिली बातमी "सॉरी" अशी गेली असती. थंडीचे दिवस. बाहेर काळोख झाला, समोरच्या मेडिकलची पाटी पेटली. मग सहा बावन्नला आया परत आली. मुलगाच!

मी भिंतीला टेकून हसत सुटले. वाटलं, देवाने माझा मेसेज खरा करून दिला. सुटले.

सुटले कसली!

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण इथलेच, घरात मराठीच. गावातली जुनी माणसं आम्हाला अजून शनवार तेली म्हणतात, कारण आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी, शब्बाथला काम नको म्हणून, बंद असायचे. मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता, आम्ही मिला म्हणतो. देवाने अब्राहामाशी करार केला आणि त्याची खूण अंगावर ठेवायला सांगितली, ती ही. बाबा म्हणतात, कागदावरचा करार उंदीर खातात, हा खात नाहीत. आणि आमचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. सूर्य बुडाला की पुढचा दिवस लागतो. म्हणजे शुक्रवारी पाच अडतीसला जन्मलेलं बाळ शुक्रवारचं, आणि सहा बावन्नला जन्मलेलं शनिवारचं.

हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. दर शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत दिवे लावायला आई माझ्या मागे लागते. पण डोक्यात दोन गोष्टी जोडल्याच गेल्या नाहीत. त्या जोडल्या गेल्या रविवारी, मोहेलकाकांच्या फोनवर. मोहेल म्हणजे मिला करणारा. हे ठाण्याचे, वयस्कर, आवाज एकदम शांत. फोन स्पीकरवर, घरातले सगळे भोवती, आणि बाबा म्हणाले, "ही होती तिथे, हिलाच विचारा."

"वेळ काय होती, बेटा?"

"पाच अडतीस."

"सूर्य होता?"

त्या सेकंदाला मला सगळं समजलं. आणि त्याच सेकंदाला मी म्हणाले, "होता."

"मग शुक्रवार. मी येतो."

झालं. फोन बंद, आई मलिद्याच्या प्रसादाला पोहे किती भिजवायचे ते मोजायला लागली आणि मी तिथेच उभी.

मिलाला दहा पुरुष असावेत म्हणतात. रोह्यात आमची घरं उरलीत किती, हाताच्या बोटांवर. त्यामुळे दहा जण जमवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पटापट टाइप करते! त्या दहांत मी मोजली जात नाही, ती गोष्ट वेगळी. अलिबागच्या दोघांनी रजा टाकली. पनवेलचे काका दुकान बंद ठेवणार होते. रोह्यातच रिक्षा चालवणाऱ्या चुलतभावाने शाळेच्या मुलांची फेरी दुसऱ्याला दिली. एकेक "येतो" आला की ग्रुपवर टाळ्या पडायच्या आणि मी फोन उलटा करून ठेवायची. शनिवार म्हटलं असतं तर यातले अर्धे आले नसते. मोहेलकाका शब्बाथला गाडीत बसत नाहीत, त्यांना आदल्या दिवशीच येऊन राहावं लागलं असतं. शुक्रवार सगळ्यांनाच सोयीचा होता. शुक्रवार फक्त खोटा होता.

हॉस्पिटलच्या कार्डावर खरी वेळ होती. ती फाइल मी कॉलेजच्या बॅगेत घालून ठेवली. भावोजींनी दोनदा मागितली. एकदा म्हटलं झेरॉक्सला दिलीय, एकदा म्हटलं झेरॉक्सवाला जेवायला गेलाय.

आणि मी फोनवर शोधत बसले, दिवसा घरात आया-बाया असल्या की बाथरूममध्ये सुद्धा. सातव्या दिवशी केली तर चालते का? नाही चालत. वेळेच्या आधी केलेली मिला धरत नाहीत, नंतर पुन्हा एक थेंब रक्त काढावं लागतं. म्हणजे कापणं तेच, जखम तीच, दिसायला तीच, पण खूण नाही. हे मला कुठल्या ग्रुपवर टाकताही येत नव्हतं! तो पोरगा मोठा होईल, स्वतःला करारातला समजेल, त्याच्या मुलालाही सांगेल, आणि जगात फक्त मला माहीत असेल की त्याच्या अंगावर जे आहे ते नुसतं कापलेलं कातडं. मी गप्प राहिले तर कुणालाच कळणार नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर वाटत होतं.

मंगळवारी, ताई बाळाला घेऊन घरी आल्यावर, शेजारच्या काकू आल्या. आगरी आहेत, जीव लावतात. पाचवीचा म्हणून बाळासाठी काळा दोरा घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "पोराचा टाइम काय गो? पत्रिका करून घेतो."

आई म्हणाली, "आमच्यात पत्रिका नसते हो."

"तुमच्यात नसू दे. मला बघायचाय, पोरगा कसा निघतो. पण टाइम बरोबर सांगा हां, दहा मिन्टं चुकली तरी अख्खा पोरगा बदलतो."

"पाच अडतीस," आई म्हणाली.

पलंगावरून ताई म्हणाली, "पण तेव्हा अंधार होता."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"वरती एक काचेची झडप होती. मी तिच्याकडेच बघत होते सारखी. ती काळी झाली, मग बराच वेळाने बाळ झालं."

काकू हसल्या. "बाय माझी! कळांमध्ये सगळ्यांनाच काळोख दिसतो. मला तर माझी मेलेली सासू दिसली होती."

सगळे हसले. आई हसली, भावोजी हसले. मी पण हसले. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो, की मी पण हसले.

दुपारी बाळाला पाजताना ताई हळूच म्हणाली, "मला काहीच धड आठवत नाय का गो आता? बाळ मी काढलं, आणि वेळ सगळे मला सांगतात."

मी म्हणाले, "झोप तू." आणि बाहेर आले. अंगणात उभी राहिले. कुठे जाऊ तेच कळेना. घरात गेले तर ती, बाहेर गेले तर काकू, फोन उघडला तर ग्रुप.

शुक्रवार उजाडला. हॉलमध्ये एक खुर्ची संदेष्टा एलियाहू हन्नबीसाठी सजवलेली, तिच्यावर कुणी बसत नाही, त्यांनी येऊन बघावं म्हणून ठेवतात. मलिद्याचे पोहे भिजवलेले, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. दहाच्या दहा पुरुष टोप्या घालून उभे. मोहेलकाकांनी उकळलेली हत्यारं पांढऱ्या फडक्यावर मांडली. बाळाला उशीवर घालून बाहेर न्यायचा मान माझा. मी खोलीत गेले. ताईने त्याला पांढरं झबलं घातलं होतं. तो झोपला होता, एक मूठ गालाला लावून.

ताईने त्याला माझ्या हातात दिलं. मी परत तिच्या हातात दिलं.

"अंधार होता," मी म्हणाले. "सहा बावन्न. मी आधीच टाकला मेसेज. दुसऱ्या बाईचं बाळ होतं ते."

मला वाटलं थोबाडीत मारेल. तिने बाळाला छातीशी धरलं. मग म्हणाली, "म्हणजे मी खुळी नाय." आणि रडायला लागली, हसत हसतच रडत होती. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "बाहेर जा आणि सांग."

"तू सांग ना."

"मी? मी तर मंगळवारीच सांगितलं. जा."

मी बॅगेतून कार्ड काढलं आणि हॉलमध्ये गेले. बाळ आत येताना सगळ्यांनी "बारूख हब्बा" म्हणायचं असतं, जो येतो तो आशीर्वादित असो. मी दारात दिसले आणि अलिबागच्या एका काकांनी सवयीने मोठ्याने म्हटलं, "बारूख हब्बा!" मग त्यांनी बघितलं की माझ्या हातात कागद आहे.

मोहेलकाकांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. दोनदा वाचलं.

"मग पाच अडतीस कुठून आलं?"

मी सांगितलं. सगळं, म्हातारीसकट. रिक्षावाला भाऊ फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण दुसरं कुणीच हसलं नाही.

पनवेलचे काका म्हणाले, "वा! ग्रुपची ॲडमिन होतीच, आता शब्बाथची पण ॲडमिन." मग मोहेलकाकांकडे वळून, "अहो पण एका दिवसाने काय होतंय? सगळे आलोय, बाळ तयार आहे. करून टाका."

मोहेलकाका हत्यारं फडक्यात गुंडाळायला लागले होते. "तुम्ही सोमवारी दुकान बंद ठेवून शब्बाथ पाळला म्हणाल का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? दिवस आपण ठरवला असता तर आपण हलवला असता. करारात दोघं असतात. आज केलं तर मी फक्त पोराला रडवीन." मग भावोजींना म्हणाले, "माझी झोपायची सोय करा. हत्यारं इथेच राहतील. उद्या सकाळी."

बाबा इतका वेळ भिंतीपाशी उभे होते. ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "रविवारी मी त्यांना म्हटलं, हिला विचारा." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

भिजवलेले पोहे उद्यापर्यंत राहिले नसते. मग सगळ्यांनी मलिदा तसाच खाल्ला, आशीर्वाद म्हणून, उभ्याउभ्याच. आणि मग गाड्या सुटायला लागल्या. अलिबागच्यांना रजा वाढवून मिळेना. पनवेलचे काका निघताना मला म्हणाले, "पुढच्या वेळी बातमी दुसऱ्याला देऊ दे हां." दुपारपर्यंत दहातले चार उरले: बाबा, भावोजी, रिक्षावाला भाऊ आणि रोहा बाजारातले एक आजोबा. मोहेलकाका पाचवे.

मी त्यांना विचारलं, खरं तर पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे बघून, "पाच जणांत होते का?"

"दहा असले तर आनंद जास्त. पण मिला माणसांसाठी थांबत नाही, दिवसासाठी थांबते." मग म्हणाले, "सूर्य होता म्हणालीस ना मला?"

"हो."

"हं." आणि ते वामकुक्षीला गेले. माफ केलं का नाही, मला अजून माहीत नाही.

संध्याकाळी आईने दिवे लावले. त्याच्यानंतर शब्बाथ, फोनला हात नाही. इतका लांब शुक्रवार माझ्या आयुष्यात आला नसेल. घरात सगळे होते आणि प्रत्येक जण माझ्या बाजूने असा जायचा जसं काही मी सामान आहे, वाटेत ठेवलेलं.

शनिवारी सकाळी बाजारातले आजोबा चालत आले, काठी टेकत. भाऊ पण चालत आला, घामाघूम. आई म्हणाली, बाळाला मी नेते. ताई पलंगावरून म्हणाली, "नाय. हीच नेईल."

"पण काल जे झालं..."

"हीच, आई."

मी नेलं. पाच जणांनी म्हटलेलं "बारूख हब्बा" दहांपेक्षा लहान वाटतं हे खरं. भावोजींच्या हातात बाळ दिलं आणि मी बाहेर, दाराच्या मागे, बायकांमध्ये. आतून प्रार्थना, मग एक क्षण काहीच नाही, मग तो ओरडला. ताईला दारापाशी स्टुलावर आणून बसवलं होतं, तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग आतून त्याचं नाव ऐकू आलं, पहिल्यांदाच. आठ दिवस तो नुसता बाळ होता.

बाबाच त्याला घेऊन बाहेर आले. त्याच्या ओठांवर आशीर्वादासाठी लावलेल्या मनुकांच्या सरबताचा थेंब होता, रडून चेहरा लाल झाला होता. बाबांनी इकडे तिकडे बघितलं. आई मागे होती, ताईला उठवत नव्हतं. कालच्या त्या वाक्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"धर," ते म्हणाले. "मान सांभाळ."

मी धरलं. तो अजून हुंदके देत होता, सगळं अंग हलत होतं. मी तशीच उभी राहिले, हलायचीच भीती वाटली.

"उभी काय राहिलीस," ताई म्हणाली, "आण इकडे, भूक लागलीय त्याला."