सावनेरच्या अलीकडे बेअरिंग गेलं

आत्याच्या दारात पिकअप उभी राहिली तेव्हा आप्पा धोतराचा सोगा सारखा करत मला हळूच म्हणाले, "सुमन, मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो. मुलगा नीट पाहून घे."

आप्पा म्हणजे माझे वडील. संगमनेर डेपोत एसटीचे कंडक्टर. मी डी.एड. होऊन गावच्याच शाळेत शिकवत होते. माझी नागपूरची आत्या, शांताआत्या, हिने हे स्थळ आणलं होतं : खाप्याचं घर, कन्हान नदीकाठी शेती, मुलगा मनोहर. आम्ही आदल्या दिवशी रेल्वेने नागपुरात उतरून आत्याकडे मुक्काम केला होता. आत्याही आमच्याबरोबर यायची होती, पण तिचा गुडघा ऐन वेळी रुसला, आणि आम्हाला न्यायला प्रत्यक्ष नवरा मुलगाच गाडी घेऊन आला.

गाडी घरचीच, वांगी आणि संत्री बाजारात पोचवणारी. त्याने ती धुऊन पुसून आणली होती, तरी मागच्या पोत्यांना वांग्यांचा वास होताच. पुढे तिघांची जागा. मनोहर स्टीअरिंगवर, मी खिडकीशी आणि आमच्या दोघांमध्ये कुंपणासारखे आप्पा. गिअरचा दांडा त्यांच्या गुडघ्यांत येई. प्रत्येक गिअरला मनोहर "माफ करा, काकाजी" म्हणे आणि आप्पा "असू द्या, असू द्या" म्हणत. नागपूर सुटेपर्यंत आमच्यात एवढंच संभाषण झालं.

शहर मागे पडलं तसा पुढून आवाज येऊ लागला. जात्यावर कोणी दळत बसावं तसा, घूंऽऽ असा सलग. गाडी डावीकडे वळली की तो वाढे, उजवीकडे वळली की खाली बसे. मी आप्पांकडे पाहिलं. ज्या माणसाने निम्मं आयुष्य एसटीत उभ्याने काढलं त्याला हा आवाज कळत नव्हता असं नाही. पण आम्ही पडलो मुलीकडचे. मुलाच्या गाडीला नावं कोण ठेवणार?

"आवाज कसला येतोय?" शेवटी मीच विचारलं.

"रस्त्याचा आहे जी," मनोहर समोर पाहत म्हणाला. "इकडचा रस्ताच तसा आहे."

"छान चालली आहे गाडी," आप्पा म्हणाले.

कोराडी आली. तिथलं वीजकेंद्र तेव्हा नवंनवं होतं. धुराडी इतकी उंच की गाडीच्या काचेतून त्यांचं टोक दिसेना. आप्पा वाकून वाकून पाहत होते. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, झाडांच्या पानांवर राख, आणि वसाहतीच्या थांब्यावर इस्त्रीच्या कपड्यांत बसची वाट पाहणारे लोक. मनोहर सगळं हौसेने दाखवत होता. एकीकडे आवाज वाढत चालला होता, म्हणून तो दाखवायचंही अधिक मोठ्याने दाखवत होता.

कोराडी बरीच मागे पडल्यावर जळका वास आला. "कोळसा असेल," आप्पा म्हणाले. मग स्टीअरिंग मनोहरच्या हातात थरथरू लागलं. ते पाहिल्यावर मात्र आप्पांची रीतभात संपली. त्यांनी समोरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने एकदाच टक्क केलं. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मनोहरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

गाडी एका कडुनिंबाखाली घेतली. पुढच्या उजव्या चाकाच्या मध्यातून धूर येत होता. चाक निवेपर्यंत थांबणं भाग होतं. मग मनोहरने सीटखालून एक कागदी पुडकं आणि ग्रीसचा डबा काढला. पुडक्यात कोरं करकरीत बेअरिंग होतं.

"हे बरोबर कसं?" मी विचारलं.

त्याने कान खाजवला. "आठ दिवसांपासून ओरडून राहिलं होतं जी. आज सकाळीच नवं घेतलं. पण बसवाले (बसवायला) थांबलो असतो तर तुम्हाले न्यायले उशीर झाला असता. पहिल्याच दिवशी उशिरा कसं यावं?"

"म्हणून आम्हाला बरोबर घेऊनच उशीर केलात."

आप्पा खोकले आणि कडुनिंबाच्या पलीकडे पोतं टाकून आडवे झाले. थोड्या वेळाने घोरूही लागले. आप्पा घोरत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मनोहरने जॅक लावला, चाक काढलं, मधली टोपी ठोकून सोडवली. आतलं ग्रीस जळून काळं पडलेलं. त्यातून रोलरचे तुकडे त्याच्या तळहातावर पडले, मोडक्या दातांसारखे. "अजून थोडं गेलो असतो," तो म्हणाला, "तर चाक आपल्याआधी सावनेरले पोचलं असतं."

मला हसू आलं नाही. "माझे वडील बसले होते त्या गाडीत," मी म्हटलं.

तुकडे त्याने कागदावर ठेवले. "चुकलंच माहं," तो म्हणाला. मग बराच वेळ तो मान वर न करता काम करत राहिला.

बेअरिंगची आतली कडी तापून आसाला चिकटून बसली होती. ओढून निघेना. कोळशाचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने छिन्नी-हातोडा दिला आणि स्वतः शेंगदाणे खात बसला. मी काठाची साडी नेसून उभी, मनोहर कोपरापर्यंत काळा. ड्रायव्हरने आम्हा दोघांकडे पाहून विचारलं, "शादी में जा रहे हो क्या?"

"अभी तय नहीं हुई," मी म्हटलं.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. कडी फोडून निघेपर्यंत मात्र तो हलला नाही. चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या पोकळीत, बसलेली बेअरिंगची जुनी वाटी ठोकून काढायला आणि नवी बसवायलाही त्यानेच हात लावला, आणि मग हातोडा घेऊन गेला.

नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं होतं. मनोहरचे हात मातीने भरलेले, त्यामुळे ते माझ्याकडे आलं. बांगड्या वर सारून मी तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला. बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. हात कामात असले की विचारायला बरं पडतं.

"आत्याला आलेल्या तुमच्या पत्रात होतं, मुलीच्या नोकरीचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधी?"

"होऊन जाईल जी. त्याची काही चिंता नाही."

"हाही रस्त्याचाच आवाज का?"

त्याने पाना खाली ठेवला. "खरं सांगू? घरी मी विषयच काढला नाही. माय म्हणते, सुनेनं घर पाहावं. मले वाटते तुम्ही शिकवावं. पण मायसमोर माही बोलतीच बंद होते."

"मग कधी काढणार विषय?"

"आज," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "जेवल्यावर."

नट आवळून, थोडा सैल सोडून, त्यात पिन घालून त्याने चाक हाताने फिरवलं. चाक मुकाट्याने फिरलं. आप्पांना लगेच जाग आली.

खाप्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मनोहरची आई दारातच उभी होती. ठेंगणी, डोक्यावरून पदर, नजर थेट माझ्या साडीवरच्या काळ्या डागावर. "काहून गा (का रे), पाहुण्यांले चालवत आणलं का?" असं मुलाला विचारून तिने मला न्हाणीकडे नेलं आणि हातावर रॉकेलचा बोळा दिला. "घास वं पोरी. साबणानं नाही निघत ते."

जेवणात पाटोडी (तिखटजाळ रश्शात सोडलेल्या बेसनाच्या वड्या) होती. पहिल्या घासाला आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "छान झाली आहे," ते म्हणाले. दिवसभरात त्यांनी हा शब्द दुसऱ्यांदा खोटा वापरला. तरी नंतर त्यांनी रस्सा मागून घेतला.

मनोहरला जेवण संपेपर्यंत धीर धरवला नाही. तोंडात घास असतानाच तो म्हणाला, "माय, ह्या शिकवणं सोडणार नाहीत. अन् मीही सोडा म्हणणार नाही."

आईचा वाढणारा हात थांबला.

"हे मले आज सांगून राहिला?" ती म्हणाली. "सावनेरच्या शाळेत जागा आहे का, पाहिलं का तू? का तेही बंद पडल्यावर पाहशील?"

"उद्याच जातो पाहाले."

"अन् सकाळचा सैपाक कोन करन?"

"मी."

"तुले चहा तरी येते का?" तिने त्याच्या पानात भाकरी टाकली आणि माझ्याकडे वळली. "याच्या भरवशावर नको राहू वं. सकाळचं मी पाहीन. संध्याकाळचं तुम्ही दोघं पाहा."

कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. आप्पांनी आणखी एक पाटोडी घेतली, तेवढ्यावर बैठक संपली. संध्याकाळी मनोहरने आम्हाला परत नागपूरला सोडलं. गाडीचा आवाज नव्हता, त्यामुळे गप्पा ऐकू येत होत्या.

मनमाडला उतरून एसटीने आम्ही घरी आलो. एरवी असल्या कार्यक्रमात मुलगा दिसतो तो पावडर लावलेला, बशीतल्या चहाकडे पाहणारा. मला तो खोटं बोलताना दिसला, ते कबूल करताना दिसला, आणि आईला भीत भीत का होईना, बोलताना दिसला. लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळावं एवढं मला एका झाडाखाली कळलं होतं. त्यातलं सगळंच काही चांगलं नव्हतं, पण सगळं खरं होतं.

आईने दारातच विचारलं, "कसा आहे मुलगा?"

आप्पा चपला काढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोलते का याची वाट पाहिली.

"दुरुस्त होण्यासारखा आहे," मी म्हटलं.