ती मरळ मी धरली होती

त्या काळात कंबर तलावातून निघालेली सगळ्यात मोठी मरळ मी धरली. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्याकडं नीट बघतो आणि विचारतो, "म्हणजे तुमच्या मालकांनी धरली का?" मालकांनी नाही. गळाला बेडूक लावायचा म्हटलं की आमच्या मालकांना शिसारी यायची. मी धरली. आता वय झालंय, पण हे सांगताना अजून आवाज चढतो. चढू दे.

आम्ही साखर पेठेतले विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले होते, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. एकोणीसशे तिसाच्या आधीचे दिवस. घरात दोन हातमाग, मालक एकावर, थोरले दीर दुसऱ्यावर. मी, जाऊ आणि सासू मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो. सासूला आमच्यात अत्ता म्हणतात. घरातल्या वाकळा, चादरी धुवायला मी कंबर तलावावर जायची. रविवारी मिलला सुट्टी असली की काठावर गळ घेऊन माणसं बसलेली असायची. मिलमधले कामगार, एक सुतार, एक शाळेतला शिपाई, आणि सगळ्यांपासून लांब, बाभळीखाली, एक म्हातारे टांगेवाले. टांगा आता त्यांचा मुलगा चालवायचा. त्यांना सगळे चाचा म्हणायचे, आणि मरळ धरावी तर चाचांनी, हे साऱ्या तलावाला मान्य होतं.

वाकळ दगडावर आपटायची आणि मान वर करून गळ टाकून बसलेल्यांकडं बघायचं, असं माझं वर्षभर चाललं. मला ते करायचं होतं. लोकांना यामागं काहीतरी कारण लागायचं, म्हणून मी सांगायची की मालकांचा खोकला जात नाही, वैद्यांनी मरळीचं कालवण द्यायला सांगितलंय. वैद्यांनी खरंच सांगितलं होतं. पण वैद्यांनी दुधी भोपळा सांगितला असता तरी मी त्या काठावर गेलेच असते. पुरुषांना कुणी विचारत नव्हतं की बाबा, तू कशासाठी बसलास.

एका रविवारी धुणं आटपल्यावर मी सुताराला विचारलं, "मला शिकवाल का?"

तो आधी मागं वळून बघायला लागला, माझ्यामागं कुणी पुरुष उभा आहे का म्हणून. मग म्हणाला, "बाई, हे काय कांड्या भरायचं काम हाय का?"

शिपाई म्हणाला, "बाईमाणसाची सावली पाण्यावर पडली की मासा तोंड उघडत न्हाय. तुमी आपलं तिकडं धुवा की."

"धुताना सावली पडत नाही होय?" मी विचारलं.

"तितं मासाच न्हाय," तो म्हणाला आणि सगळे हसले.

मी धुण्याची पाटी उचलून निघाले. बाभळीपाशी आले तेव्हा चाचा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "सावली आदमी की भी पडती, बेटी. बैठ. नीचे बैठ, खडी नक्को रह."

मी खाली बसले. माझं शिक्षण असं सुरू झालं. तेवढ्यापुरते मी त्या माणसाचे उपकार मानते, आजही मानते. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

पहिले कित्येक रविवार त्यांनी मला गळाच्या काठीला हातच लावू दिला नाही. नुसतं बघायचं. मरळ हवा घ्यायला वर येते. कमळाच्या पानांमध्ये कुठं बुडबुडा फुटतो, कुठं देठ वारा नसताना हलतो, ते ओळखायचं. काठावरून चालताना टाच आपटायची नाही, कारण चिखलातून ते खाली पोचतं. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथं गळ टाकायचा नाही, कारण आईबाप खाली राखणीला असतात आणि रागानं कशावरही तुटून पडतात. "वो भूख नै, वो गुस्सा है," चाचा म्हणायचे. "गुस्से वाले कू पकडना क्या पकडना?" काठावरचे बाकीचे मात्र नेमका तोच थवा शोधत फिरायचे.

मग बेडूक. लहान, हिरवट बेडूक मांडीच्या कातडीतून असा टोचायचा की तो मरू नये, पोहत राहावा. पहिल्यांदा बेडूक माझ्या हातून निसटून पाण्यात गेला. चाचा हसले नाहीत. दुसऱ्यांदा मी नीट टोचला. दोरीच्या बाबतीत मात्र मला शिकवायची गरज नव्हती. त्यांची दोरी पाण्यात उकलायची. मी घरून सूत आणून चार पदरी पीळ दिला, मेण चोळलं आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दातानं ओढून बघितली आणि स्वतःच्या काठीला बांधून टाकली. मला दुसरी करावी लागली.

सगळ्यात अवघड होतं ते थांबणं. मरळ बेडकावर झडप घालते तेव्हा पाण्यात 'डब्' असा आवाज होतो आणि अंगातून वीज गेल्यासारखं होतं. हात आपोआप काठी ओढतो. ओढली की बेडूक एकटाच परत येतो. मरळ आधी नुसता धरते, मग वळते, मग गिळते. दोरी बाजूला सरकायला लागली की ओढायचं, तोवर नाही. "हल्लू, बेटी, हल्लू," चाचा म्हणायचे. पावसाळा सरेपर्यंत मी कितीतरी मासे असेच घालवले. दर वेळी पलीकडून सुतार ओरडायचा, "गेली का? वाकळंच्या दगडावर आपटली असती!"

दिवाळीनंतरचा एक रविवार. ऊन चढलं होतं. चाचा दुपारच्या नमाजासाठी उठून पलीकडच्या लिंबाखाली गेले. बाकीचे सावलीत भाकरी खात बसले होते. मी एकटी पाण्यापाशी होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. एकटी होते.

पानांमध्ये एक उघडी जागा होती, तिथं माझा बेडूक पोहत होता. डावीकडचा देठ हलला. मग पुढचा. पाणी किंचित फुगलं आणि 'डब्' झालं. असा जड आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बेडूक नाहीसा झाला. माझा हात ओढायला निघालाच होता, पण मी दात आवळून थांबले. दोरी सैल पडली. गेली, असं वाटलं. मग दोरी हळूहळू उजवीकडं सरकायला लागली, कुणीतरी चोरून नेत असल्यासारखी, आणि तेव्हा मी काठी उचलली.

पुढं काय झालं ते सलग आठवत नाही. काठी वाकून पाण्याला टेकली. मासा देठांत शिरला. तसाच ओढत राहिले असते तर काठी मोडली असती, म्हणून मी काठी खाली टाकली, पदर मुठीला गुंडाळला आणि दोरीच हातात धरून गुडघाभर चिखलात उतरले. दोरीनं पदरातून हात कापला. मासा ओढायचा तेव्हा सोडायची, थांबला की घ्यायची. शेवटी तो काठावर आला तेव्हा माझ्या मांडीएवढा जाड होता, आणि मरळच ती, जमिनीवरूनसुद्धा सरपटत पाण्याकडं निघाली. मी ओली वाकळ तिच्यावर टाकली आणि वाकळेवर आडवी पडले.

चाचा आले तेव्हा मी तशीच पडलेली होते. "या अल्ला," एवढंच ते म्हणाले. त्यांनी वाकळ बाजूला केली. माझ्या हातातून रक्त येत होतं, म्हणून कल्ल्यात बोटं घालून मासा त्यांनी उचलला. दोन्ही हातांनी, छातीशी. आणि नेमकं तेव्हा ते सगळे भाकरी टाकून धावत आले.

"चाचा! काय मरळ हाय!"

"आजवर अशी बघितली न्हाय की!"

चाचा काही बोलले नाहीत. मासा धरून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते मी बघितलं.

"मी धरली," मी म्हणाले.

शिपाई म्हणाला, "व्हय, व्हय, बाईनंच धरली. चाचा नुसते नमाज पडत हुते!" आणि हशा पिकला. तो खरं तेच बोलला होता आणि त्याचाच विनोद झाला. मी चाचांकडं बघितलं. त्यांनी नजर माशावर ठेवली.

मासा वेळूला अडकवून दोघांनी खांद्यावर घेतला. चाचांना पुढं घातलं. विजापूर वेशीतून गावात शिरले तशी दुकानांतून माणसं बाहेर यायला लागली. कुणी चाचांना पान दिलं, कुणी हार घातला. मी मागून ओली वाकळ डोक्यावर घेऊन चालत होते. एका बाईनं मला थांबवून विचारलं, "कुणी धरली गं?" मी सांगितलं, "मी." ती म्हणाली, "चल, काहीतरीच," आणि पुढं पळाली.

संध्याकाळी चाचांनी अर्धा मासा आमच्या घरी पाठवला. पेठेतले म्हणाले, म्हाताऱ्याचं मन किती मोठं. माझा मासा मला दान आला! अत्तांनी वाकळेचा वास घेतला आणि मला बोल लावले. मी चिंचेचा कोळ घालून कालवण केलं. मालक जेवायला बसले, माझ्या हाताच्या चिरांकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "खरंच तू धरलीस?"

त्यांनी चेष्टेनं विचारलं नव्हतं. तेच वाईट होतं. मी वाढायचं थांबवून आत गेले.

पुढच्या रविवारी मी वाकळ न घेताच तलावावर गेले. चाचा बाभळीखाली होते. मी उभीच राहिले, सावली सरळ पाण्यावर पडेल अशी.

"चाचा, तुम्ही गप्प का राहिलात?"

"मैं झूट तो नै बोल्या, बेटी."

"खरंही बोलला नाहीत."

त्यांनी गळ पाण्यातून ओढून घेतला. मग म्हणाले, की आता डोळ्यांनी देठ हललेला दिसत नाही. दोन पावसाळे झाले, मोठा मासा लागलेला नाही. बुढ्ढा संपला असं हे लोक मागं बोलतात, ते कानावर येतं. "उस दिन सब दौड के आये. कितने दिन बाद कोई दौड के आया. मुंह नै खुल्या."

मला त्यांची दया आली. पण दया आली म्हणून राग जातो, असं कुणी सांगितलं? डोळे त्यांचे गेले होते. मासा माझा का जावा? मी म्हणाले, "आत्ता सांगा. सगळ्यांना. माझ्यासमोर."

ते उठले. काठी टेकत त्या लोकांपाशी गेले, मी मागोमाग. आणि त्यांनी सांगितलं, स्वच्छ सांगितलं: मासा हिनं धरला, मी नमाजाला होतो, मी फक्त उचलला.

सुतार हात जोडून म्हणाला, "चाचा, तुमच्यासारका मानूस न्हाय. बाईचं मन राकाया येवडं कोन बोलतं?" शिपाई उठून त्यांच्या पाया पडला.

चाचांनी माझ्याकडं वळून दोन्ही हात पसरले. आता मी काय करू, अशा अर्थानं. मी तशीच वळून घरी आले.

त्यानंतर मी त्यांच्या शेजारी बसले नाही. धुण्याच्या दगडांपलीकडं चिखलाची कड होती, जिथं मासाच नाही असं शिपाई सांगत होता, तिथं बसायला लागले. तिथं मासा होता. एका रविवारी मालक खोकत खोकत माझ्यामागून आले आणि शेजारी बसले. त्या दिवशी हातभर लांबीची एक मरळ लागली. ती काढेपर्यंत ते बघत होते. घरी गेल्यावर त्यांनी अत्तांना आपण होऊन सांगितलं, "तीच धरते." पुढं माझी जाऊ शिकायला यायला लागली. तिला मी पहिल्याच दिवशी काठी दिली. दोन बायका बसलेल्या बघून काठावर कुरकुर झाली, आमच्या दिरांपर्यंत निरोप गेला, दिरांनी कालवणाची वाटी पुढं ओढली आणि विषय संपला.

चाचा वारले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. बाहेर ओट्यावर पुरुष बसले होते आणि त्या मरळीचीच गोष्ट चालली होती. मासा आता सांगणाऱ्याच्या कमरेइतका झाला होता. मी आत बायकांत गेले. त्यांच्या सुनेनं माझा हात धरला, उताणा करून तळव्यावरचा वण बघितला आणि म्हणाली, "आप ही हैं ना? अब्बा घर में हमेशा बोलते थे, मछली उस बाई ने पकडी." शेजारच्या दोघीतिघींनी माना हलवल्या. घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

"मग बाहेर कुणी का सांगत नाही?" मी विचारलं.

ती गोंधळली. "बाहर क्या बोलना," ती म्हणाली, "मरदों की बात है."

त्या घरात दुःख होतं, म्हणून मी तिथं काही बोलले नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवला, ओट्यावरच्या माणसांमधून वाट काढत बाहेर पडले आणि साखर पेठेपर्यंत रस्ताभर मोठ्यानं एकटीच भांडत आले. लोक वळून बघत होते. बघू देत म्हटलं.