पानभर माफी

मला मत मिळालं ते चौथी पास असल्यामुळे. सदतीस सालच्या निवडणुकीत आमच्यासारख्या बाईला मत हवं असेल तर नवऱ्याच्या नावावर घरदार असावं लागे, नाहीतर तिला स्वतःला लिहिता-वाचता यावं लागे आणि तसा अर्ज तिनेच करावा लागे. आमची एक खोली, तीही भाड्याची. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. त्याला वाचता येत होतं, पण पुरुषांना तेवढ्यावर मत नव्हतं. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा कारकुनाने वर्तमानपत्र पुढे सरकवलं. दोन ओळी झाल्यावर तो "पुरे" म्हणाला, तरी मी ती बातमी संपेपर्यंत थांबले नाही.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता तू सरकार करणार म्हंजे भाकऱ्या मलाच थापाव्या लागणार की."

"थापा. करपल्या तर तुमच्याच ताटात वाढीन."

मत मला भावासाठी हवं होतं. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. सरकारी कचेरीत पट्टेवाला होता. तीस साली, मार्शल लॉच्या दिवसांत, सोलापुरात डोक्यावर पांढरी टोपी दिसली की माणूस उचलत. भाऊ सुट्टीच्या दिवशी ती घालून चौकात गेला आणि उचलला गेला. त्याला कुणी जायला सांगितलं नव्हतं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. दारात कुणी आलं की तिला वाटे तोच आला. ओळखीच्या एका जमादाराने वडिलांना सांगितलं, "चार ओळींची माफी लिवून आणा. त्याची सही म्या घेतो. सुटंल."

वडिलांना अक्षर येत नव्हतं. कोर्टापुढे अर्ज लिहिणारे बसत, पण त्या दिवसांत तिथं कुणी फिरकत नव्हतं. शेवटी वडील शेजाऱ्याची दौत आणि टाक मागून माझ्याकडे आले.

अर्ज कसा लिहावा हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. डावीकडे समास सोडायचा, साहेबाला मान द्यायचा, कारण लिहायचं, शेवटी विनंती करायची. आणि पान कोरं सोडायचं नाही. अर्धं पान रिकामं दिसलं की मास्तर हातावर छडी मारत. माझी माफी चार ओळींत झाली आणि खाली पान उरलं. मग मी लिहिलं की यापुढे पांढरी टोपी घालणार नाही. तरी जागा उरली. लिहिलं, तसल्या लोकांशी बोलणार नाही. मग लिहिलं, त्यांची नावे विचारल्यास हुजुरांस सांगेन. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबाला बरं वाटेल असं वाटलं, आणि पान भरत होतं.

भाऊ सुटला. आईची भेट झाली आणि आठवड्यात ती गेली. भावाला पुढे कुणी नावं विचारली नाहीत, त्यानेही कुणाचं सांगितलं नाही. नोकरी मात्र गेलीच. तो आमच्या गल्लीतल्या एका तेलुगू विणकराकडे पांजणीला जाऊ लागला. पहाटे रस्त्याच्या कडेला सूत ताणून बांधायचं, त्याला खळ लावायची, कुंच्याने सारखी करायची आणि ऊन चढायच्या आत गुंडाळायचं. त्या घरची माणसं हे लहानपणापासून करत. भावाच्या हाताखाली रोज चार धागे तुटत. मालक चिडत नसे. तुटलेला धागा सांधत म्हणे, "पट्टेवाले, ही फाईल न्हाई बाबा." भाऊ हसायचा, पण त्या दिवशी जेवायचा नाही.

अशात निवडणूक आली आणि मतं मागायला एक वकील गल्लीत आला. डोक्यावर पांढरी टोपी, पायात धुळीने माखलेल्या वहाणा. विणकराच्या ओट्यावर बसून म्हणाला, "आपलं सरकार आलं की त्या दिवसांत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना परत घेणार."

मी विचारलं, "कवा घेणार?"

"पहिलं काम तेच, बाई."

"मंग दुसरं काय ते नका सांगू. पहिलंच लक्षात ठेवा."

लोक हसले. वकीलही हसला. मला तो आवडला. तो खोटं बोलत होता असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मी मत दिलं. तो निवडून आला, त्याचा पक्ष जिंकला. ह्यांनी आधी सरकार करायला नकार दिला, म्हणून मधे काही महिने भलत्याच लोकांचं मंत्रिमंडळ होतं, मग ह्यांचं आलं. गल्लीत गूळ वाटला. भावाने अर्ज केला. या वेळी त्याचा त्याने लिहिला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेजारच्या पेठेतला एकजण तलाठ्याच्या हाताखाली परत लागला. आमच्याकडे कागद आला नाही. भाऊ विचारायला जाईना, म्हणून मी वकिलाकडे गेले.

त्याने मला बसायला पाट दिला. कचेरीतून मागवलेला एक कागद कपाटातून काढून पुढे ठेवला. पाहताच ओळखलं. समास सरळ, अक्षर गोल, खाली भावाची सही.

"माफी बऱ्याच जणांनी दिली," तो म्हणाला. "तेवढ्यावर मी भांडलो असतो. पण ही ओळ वाचा. नावं सांगेन म्हणून लिहून दिलंय. ज्यांनी तुरुंग काढला ते हे वाचून काय म्हणतील?"

"ते अक्षर माझं हाय."

त्याने कागद परत हातात घेतला. मग म्हणाला, "तुम्ही का लिहिलंत?"

"पान उरलं होतं."

त्याला हसू आलं नाही. त्याबद्दल मी त्याला मानते. तो म्हणाला, "तुम्ही असं लिहून द्या की मजकूर तुमचा. आणि त्याने लिहून द्यावं की न वाचता सही केली. मग मी वर पाठवतो. होईलच असं नाही, पण पाठवतो."

मी तिथंच लिहून दिलं. चार ओळी. खाली कोरं पान सोडलं.

संध्याकाळी भाऊ हातपाय धूत होता, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो टॉवेलने कोपरापर्यंत हात पुसत राहिला. म्हणाला, "असं न्हाई लिवणार मी, अक्का."

"का?"

"वाचून सही केली होती."

"सगळं वाचलंस?"

"सगळं."

"मंग ती ओळ खोडली का न्हाईस?"

"जमादार कोठडीच्या दारात उभा होता. खोडलं असतं तर परत लिवून आणा म्हणला असता. आणखी दोन दिस गेले असते. आई थांबली नसती."

"आता खोटं लिवायला काय जातंय? एक ओळ तर हाय."

"तवा एक लिवली ना तू," तो म्हणाला. रागाने नाही. मलाही राग आला नाही. तो पुढे म्हणाला, "कुणी नावं विचारली असती तर मी काय केलं असतं, मला ठाव न्हाई. म्हणून न्हाई लिवत."

मी त्याला मूर्ख म्हटलं. तो म्हणाला, "व्हय," आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी मी वकिलाला जाऊन सांगितलं की राहू द्या. त्याने माझा कागद परत दिला. तो सुटल्यासारखा दिसला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याच्या दारात त्या दिवशी वीसेक माणसं बसली होती, प्रत्येकाच्या हातात अर्ज. हा माणूस मंत्री नव्हता, त्याच्या हातात शिक्का नव्हता, आणि शब्द मात्र गल्लोगल्ली त्यानेच दिला होता.

लढाई सुरू झाली तेव्हा ते सरकार राजीनामा देऊन गेलं. नळावर एक बाई म्हणाली, "तुमचं सरकार गेलं म्हणं."

"गेलं," मी म्हटलं.

मला त्यांच्याकडून फार काही नको होतं. एका पट्टेवाल्याची जागा हवी होती, ती मिळाली नाही. नावं सांगेन म्हणणाऱ्याला परत घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच ठरवलं असतं. पण सहीच्या वेळी घरात कोण मरत होतं हे आधीच्या सरकारने विचारलं नाही आणि ह्यांनीही विचारलं नाही. एवढ्यापुरती मला दोन्ही सरकारं सारखीच.

पुढच्या निवडणुकीत मी परत मत दिलं, त्याच पक्षाला. भाऊ माझ्याबरोबर आला होता. मी आत गेले तेव्हा तो बाहेर रस्त्यावर उभा राहिला. त्याला मत नव्हतं.